माझ्या पाठीचे चार स्क्रू

मित्रांनो, मी एक जुनी निविदा पेटी आहे. लगेच नाक मुरडू नका! नाव जड आहे, पण काम अगदी सोपं. सरकारी दवाखान्याला खाटा हव्या असल्या, तर साहेबानं त्या आपल्या मेहुण्याकडून आणायच्या नसतात. कोण किती दरात देईल, हे सगळ्यांना विचारायचं असतं. मग जो तो आपला दर कागदावर लिहितो, पाकिटात घालतो, लाखेचं सील मारतो आणि माझ्या फटीतून आत सोडतो. त्याला म्हणतात निविदा. ठरलेल्या दिवशी मला उघडतात. ज्याचा माल चांगला आणि दर कमी, त्याला काम मिळतं. तोवर कुणाचा दर कुणाला कळू द्यायचा नाही, हीच माझी नोकरी. ती मी एकोणीस वर्षं वाईट केली आणि पुढची बारा वर्षं छान केली. दोन्ही सांगते, लपवून काय करू?

एका सुतारानं जुन्या दाराच्या फळ्यांना रंधा मारून मला बनवलं. माझे सांधे त्यानं असे बसवले की आजही त्यात नख शिरत नाही. झाकण बसायच्या आधी त्याची आठ वर्षांची लेक माझ्यात मांडी घालून शेंगदाणे खात बसली होती. त्यातले दोन दाणे कितीतरी वर्षं माझ्या कोपऱ्यात पडून होते.

सुतार बिजागऱ्यांचे स्क्रू आतून घालणार, एवढ्यात दवाखान्याचा हेडक्लार्क काम बघायला आला.

"स्क्रू बाहेरून घाल," तो म्हणाला. "उद्या कुलूप गंजलं तर पेटी फोडायची का?"

"अहो, पण मग कुलपाचा उपयोग काय?"

"तू सुतार आहेस ना? सुतारकी कर."

सुतार मनातल्या मनात चरफडला. पण गिऱ्हाईक सरकारी, बोलायची सोय नाही. त्यानं माझ्या पाठीवर चार स्क्रू बाहेरून पिळले, त्यावर हिरव्या रंगाचे दोन हात मारले आणि तो विषय विसरून गेला.

दवाखान्याच्या भांडारात माझा काय थाट होता म्हणून सांगू! पुढच्या बाजूला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन अधिकाऱ्यांकडे. तिघे एकत्र आल्याशिवाय मी उघडायची नाही. पाहुणे आले की मोठे डॉक्टर माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "हिच्यात मुंगीसुद्धा शिरणार नाही!" मी आपली फुगून बसायची. पाठ मात्र कायम भिंतीकडे.

जेवणाच्या सुट्टीत भांडार रिकामं झालं की हेडक्लार्क मला वीतभर पुढे ओढायचा. खिशातून पेचकस काढायचा. चार स्क्रू निघाले की माझं झाकण मागून उचललं जायचं आणि तिन्ही कुलपं पुढे नुसती लोंबकळत राहायची. तापवलेल्या सुरीनं तो लाख अलगद सोडवायचा आणि सगळ्यांचे दर वाचायचा. खिडकीबाहेर एक कंत्राटदार उभा असायचा. अत्तराचा वास आधी यायचा, माणूस मागाहून, म्हणून शिपाई त्याला अत्तरशेठ म्हणायचे. अत्तरशेठ सगळ्यांहून जरासा कमी दर लिहायचा आणि त्याचं पाकीट सगळ्यांत शेवटी आत पडायचं. काम त्यालाच! एवढ्या कमी दरात परवडायचं कसं? तो पातळ पत्र्याच्या खाटा द्यायचा. सहा महिन्यांत खाटांचे पाय वाकायचे आणि वॉर्डातल्या आया खाली विटा लावायच्या.

एकदा तशाच खाटेवरून एक बाळंतीण पडली. बाळ वाचलं, तिचा हात मोडला. तिचं ओरडणं भांडारापर्यंत ऐकू आलं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. सगळं माहीत होतं मला, पण पेटीला तोंड असून बोलता कुठं येतं?

इकडे सुताराची ती लेक मोठी झाली. वेल्डिंग शिकली, लोखंडी खाटा करू लागली. सात माणसं तिच्या हाताखाली. खाट तयार झाली की ती स्वतः तिच्यावर उड्या मारून बघायची. दवाखान्याच्या कामासाठी तिनं तीनदा निविदा भरली आणि तिन्ही वेळा अत्तरशेठकडून केसभर फरकानं हरली. चौथ्यांदा कामाची माहिती घ्यायला ती बापाला घेऊन आली. या वेळी काम मिळालं नाही तर कारखाना बंद करायचा, असं तिनं ठरवलं होतं.

"बाबा," ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "माझा दर त्यांना कळतो तरी कसा?"

नेमकं त्या दिवशी झाडलोटीसाठी मला फिरवून ठेवलं होतं. म्हाताऱ्याचं लक्ष माझ्या पाठीवर गेलं. रंगाखाली एकोणीस वर्षं पडून राहिलेल्या स्क्रूची खाच रंगानं भरलेली असायला हवी. माझे चारही स्क्रू नव्या नाण्यासारखे चकचकत होते. सुताराला आणखी काय सांगायला हवं? 

बाहेर व्हरांड्यात त्यानं लेकीला सगळं सांगितलं. "मीच घातलेत गं ते स्क्रू. आता तोंड उघडलं, तर लोक म्हणतील बापानंच लेकीसाठी चोरवाट ठेवली होती. तुझी निविदाच बाद करतील."

तिनं बापाचा हात धरला. मग म्हणाली, "करू देत बाद. त्या खाटांवर माणसं झोपतात, बाबा. चला, आत्ताच सांगू."

तेव्हा भांडार अधिकारी म्हणून एक नवीन बाई आल्या होत्या. आवाज हळू, पण उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा विचारायची सवय. त्यांनी म्हाताऱ्याचं सगळं ऐकून घेतलं, गुडघे टेकून माझी पाठ बघितली आणि दोघांना म्हणाल्या, "निविदा भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला बोलू नका."

शेवटच्या दिवशी सकाळी, भांडारात कुणी नसताना, बाईंनी स्वतः हातात ब्रश घेऊन माझे चारही स्क्रू रंगवले. हिरवा रंग, माझ्या रंगात बेमालूम मिसळलेला; भिंतीकडच्या अंधारात, सवयीच्या हाताला तो कळणारच नव्हता. दुपारी तीन वाजता त्यांनी सगळ्या निविदाकारांना आत बोलावलं, मोठ्या डॉक्टरांनाही. हेडक्लार्क किल्ल्या घ्यायला वळला, तशा बाई म्हणाल्या, "किल्ल्या राहू देत. आधी पेटी फिरवा."

माझी पाठ साऱ्यांसमोर आली. चारही स्क्रूंवरचा रंग खरवडलेला.

"सकाळी मी रंगवलेले स्क्रू," बाई म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत इथं कोण होतं?"

हेडक्लार्कच्या अंगठ्याला हिरवा रंग लागलेला होता. त्यानं हात खिशात घातला, पण खिशात पेचकस.  अत्तरशेठ दाराकडे सरकू लागला, तेव्हा शिपाईच आडवा आला. "थांबा की शेठ, वास तरी राहू द्या!"

ती निविदा रद्द झाली. दोघांची चौकशी लागली. चौकशी सुताराचीही झाली, पण खरं सांगायला तो आपण होऊन आला होता, हे बाईंनी लेखी दिलं. माझे स्क्रू आतून घालायचं ठरलं, तेव्हा म्हातारा हत्यारांची पिशवी घेऊन हजर!

"बाबा, हे काम दुसऱ्या सुताराला दिलंय," बाई म्हणाल्या. "तुमची लेक निविदा भरणार आहे. राग मानू नका."

"राग कसला, बरोबरच आहे," म्हातारा म्हणाला, आणि दिवसभर बाजूला बसून दुसऱ्या सुताराच्या चुका काढत राहिला. तो बिचारा पार जेरीला आला.

मग मला व्हरांड्याच्या मधोमध ठेवलं, चारी बाजूंनी दिसेल अशी. तीनच्या ठोक्याला सगळ्यांसमोर उघडायचं, दर मोठ्यानं वाचायचा आणि फळ्यावर लिहायचा. जो हरेल त्याला का हरला ते लेखी कळवायचं. 'मागे पाच हजार खाटा पुरवलेल्या असाव्यात' ही हेडक्लार्कनं पुढच्या निविदेसाठी लिहून ठेवलेली, अत्तरशेठच्याच मापाची अट बाईंनी काढून टाकली. खाट मात्र आधी आणून दाखवायची, आणि तिच्यावर दोन धिप्पाड वॉर्डबॉय बसवायचे.

आता तुम्हाला वाटेल, लेकीला लगेच काम मिळालं. छे! पहिल्या उघड निविदेत ती चक्क हरली. पण या वेळी फळ्यावर सगळे दर होते. तिनं ते वहीत उतरवून घेतले, आपण लोखंड महाग घेतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि हसत हसत घरी गेली. कारखाना बंद करायचं नावही पुन्हा काढलं नाही. पुढच्या वर्षी काम तिला मिळालं. तिच्या खाटा आजही दवाखान्यात आहेत, आणि एकाही पायाखाली वीट नाही.

आता निविदा कॉम्प्युटरवर भरतात. माझी रवानगी कोपऱ्यात झाली आहे आणि माझ्या डोक्यावर जुन्या फायली आहेत. वाईट वाटतं, नाही म्हणत नाही. परवा ती लेक आली होती. केस पिकायला लागलेत आता तिचे. तिनं माझ्यावरची धूळ पदरानं पुसली. मग कॉम्प्युटरवाल्या मुलाजवळ गेली.

"काय रे, यात भरलेला दर वेळेआधी कोण बघू शकतं?"

"कुणीच नाही, मावशी. पासवर्ड आहे, तिघांकडे वेगवेगळा."

"तीन कुलपं. मी पाहिलीत ती. यात मागून कोण शिरतं, ते विचारतेय मी."

मुलगा हसला. मग हसायचा थांबला, आणि वही काढून तिचा प्रश्न लिहून घेऊ लागला.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, माझं वय झालं आहे. पण तुमच्या दवाखान्यात, तुमच्या शाळेत अशी एखादी नवी पेटी आली आणि सगळे तिच्या कुलपांचं कौतुक करू लागले, तर तुम्ही आपले मुकाट्यानं मागच्या बाजूला जा आणि तिचे स्क्रू बघून या.