आईच्या नात्याचा पुरावा

माझ्या आईचं लग्न झालं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि साक्षीदार म्हणून सही माझीच होती. वाक्य पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर आईनं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत नोकरी धरली, तिथेच ती पुढे मुख्य झाली, आणि तिथेच तिला मास्तर भेटले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते परदेशात राहतात, तिथलेच नागरिक आहेत आणि लोकांना गाडी चालवायला शिकवतात. आजारी भावाच्या सोबतीला म्हणून लांब सुट्टी काढून इकडे आले होते. भावाच्या पलंगावरची चादर रोज स्वतः घडी करून खाली लॉन्ड्रीत आणून द्यायचे. आईच्या सगळ्या नोकरीत, वापरलेल्या चादरीची घडी करून आणणारा हा पहिलाच माणूस. भाऊ बरा होऊन घरी गेला, तरी मास्तर लॉन्ड्रीत येत राहिले. हातात चादर नसायची, एवढाच काय तो फरक.

नोंदणी कार्यालयात लग्न झालं. थोड्याच दिवसांत मास्तरांची सुट्टी संपली आणि ते परत गेले. आईचं सासरी जाणं अडलं ते व्हिसावर. नवऱ्याच्या देशात राहायचं तर हे नातं खरं आहे, नुसतं कागदोपत्री नाही, हे तिथल्या सरकारला पटवून द्यावं लागतं. शेजारच्या मावशी जिन्यात म्हणाल्या, "लेकीच्या आधी आईच निघाली की गं सासरी!"

"हो ना मावशी," मी म्हटलं, "थोरलीचं आधी उरकायचं असतं."

मी बस डेपोच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. कुठली गाडी कुठे अडलीय, तिच्या जागी कुठली सोडायची, हेच दिवसभर चालू असतं. एवढ्या गाड्या रोज मार्गाला लावते, तिथे एक आई मार्गाला लावायची म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. सगळं मीच अंगावर घेतलं. मी नुसती उधळले होते. आईसाठी चाकांची मोठी बॅग आणली, गुडघ्यापर्यंत येणारा गरम कोट आणला, तिथल्या थंडीचे आकडे रोज तिला वाचून दाखवायला लागले.

"अगं, अजून अर्जसुद्धा भरला नाही," आई म्हणाली. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी."

पण रात्री पाणी प्यायला उठले तर आई तो कोट घालून आरशासमोर उभी होती. मी पाणी न पिताच मागे फिरले.

पहिलं घोडं अडलं ते फोटोंवर. दोघांचे एकत्र फोटो हवे होते, आणि होते त्या सगळ्या फोटोंत दोघांच्या मधून आमच्या डेपोची बस आरामात निघाली असती. लग्नाच्या दिवशी मी घसा फोडून ओरडले होते, "जवळ या, जवळ या!" मास्तर एक पाऊल इकडे सरकले की आई एक पाऊल तिकडे. शेवटी मास्तर म्हणाले, "राहू दे. आपण चौकटीबाहेर जाऊ अशानं."

मग मागितलं होतं रोजचं बोलणं. नवरा-बायको लांब असले तर फोनवर एकमेकांना काय लिहितात ते छापून जोडायचं. आई फोन द्यायलाच तयार नाही.

"आमचं बोलणं आहे ते. सरकारला कशाला?"

मी मिनतवाऱ्या केल्या, रुसले, दोनदा भांडले. शेवटी मास्तरांनीच तिकडून समजावलं, "देऊन टाका हो फोन. लपवण्यासारखं काय आहे आपल्यात?"

"काहीच नाही, त्याचीच तर लाज वाटते," आई म्हणाली आणि तिनं फोन माझ्या हातात दिला.

आपल्याच आईचे प्रेमाचे निरोप वाचायचे म्हणून मी आधी दार लावून घेतलं. डोळे अर्धवट मिटून पहिलं पान उघडलं.

"जेवलात का?"

"जेवले. तुम्ही?"

"आत्ताच. काय होतं?"

"कोबी."

"इकडेही कोबीच."

मी भराभर पुढे गेले. दुसऱ्या दिवशी जेवलात का. तिसऱ्या दिवशी जेवलात का. मास्तरांचा वाढदिवस होता त्या दिवशी आईनं लिहिलं होतं, "नीट जेवा आज." लग्नाआधीचं तेच, लग्नानंतरचं तेच. मधूनच एखादा दिवस जरा वेगळा निघायचा, तर त्यात भाजी खारट झालेली असायची. ढीगभर पानं भरली, आणि प्रेम शोधायला भिंग घेऊन बसले असते तरी त्यात सापडलं नसतं.

ते सगळं परक्या भाषेत करून द्यायचं होतं. भाषांतर करून देणारे काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ताई, मला आता पुढचं पान न बघताच टाइप करता येतंय."

घरी येऊन मी आईवर तडकलेच. "एकदा तरी, आई! एकदा तरी 'तुमची आठवण येते' असं लिहायचंस!"

आई टॉवेलच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली ती खरोखर आश्चर्यानं. "आठवण आली की विचारतेच ना, जेवलात का म्हणून. नाहीतर कशाला विचारीन? मोठं माणूस आहे, जेवेल आपलं आपण."

मला पटलं होतं. पण व्हिसाच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? ती पानं तशीच जोडून अर्ज गेला, मुलाखतीची तारीख आली, आणि मी आईची उजळणी सुरू केली. मी साहेब व्हायची, खुर्चीवर ऐटीत बसायची. "बाई, तुम्हाला तिकडे का जायचंय?" आईनं म्हणायचं होतं, "माझं माझ्या नवऱ्यावर प्रेम आहे." एवढं एकच वाक्य. "माझं माझ्या नवऱ्यावर" इथपर्यंत गाडी सुरळीत यायची. तिथून पुढे आईला ठसका तरी लागायचा, नाहीतर गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं. एकदा तर तिनं टॉवेल तोंडावर घेऊन आतून म्हणून बघितलं, पण मुलाखतीला टॉवेल नेता आला नसता.

"नाही दिला व्हिसा तर?" एकदा तिनं मला विचारलं.

"का नाही देणार?"

"त्यांची नोकरी तिकडे. आणखी काही वर्षं ते तिथून हलत नाहीत. आणि ह्या वयात काही वर्षं म्हणजे थोडी नसतात गं." एवढं बोलून ती चहा टाकायला गेली. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

मुलाखतीच्या दिवशी आईनं इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री केली. ते ऑफिस म्हणजे एक लांबलचक दालन, काचेच्या खिडक्या, जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्या. मला आईच्या मागच्या खुर्चीवर बसू दिलं, पण रखवालदारानं बजावलं, "एक शब्द बोलायचा नाही." मला असं सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणण्यातला प्रकार. मी दोन्ही हात तोंडावर ठेवून बसले.

खिडकीमागे एक तरुण अधिकारी बाई होती, सर्दीनं नाक लाल झालेली, आणि तिच्या शेजारी एक दुभाषी. प्रश्न सुरू झाले. मास्तर कितव्या मजल्यावर राहतात, कामाला किती वाजता निघतात, त्यांच्या भावाला काय झालं होतं. आईची उत्तरं तोफेसारखी सुटत होती. मला आतल्या आत नाचावंसं वाटत होतं. मग त्या बाईनं आमच्या छापलेल्या पानांचा गठ्ठा पुढे ओढला.

दुभाष्यानं तिचं बोलणं सांगितलं, "मॅडम म्हणतात, यात जेवणाशिवाय काहीच नाही. असे निरोप कोणीही कोणालाही पाठवेल. हे लग्न तिकडे राहायला मिळावं एवढ्यासाठीच केलेलं नाही, असं त्यांनी कशावरून मानायचं?"

आता आई ते वाक्य म्हणणार. म्हण ना आई, एकदाच. तिची पाठ मला दिसत होती, खुर्चीला न टेकलेली.

"मॅडम," ती म्हणाली, "माझं इथं काहीच अडलेलं नाही. नोकरी आहे, घर आहे, ही मागे बसलेली पोरगी आहे. हिचे वडील गेले तेव्हापासून मी कोणाकडे काही मागितलं नाही. कामावर पगार वाढवून मागितला नाही, दिला तेव्हा घेतला. हिनं मोठं झाल्यावर मला सांभाळावं असंही कधी म्हटलं नाही. आता मागतेय. मला त्यांच्याजवळ राहायचंय."

दुभाषी सांगू लागला, पण आईचं संपलं नव्हतं.

"ते तिकडे एकटे जेवतात. मी इकडे एकटी जेवते, हिची ड्यूटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. समोर फोन भिंतीला टेकवून ठेवतो आम्ही, निरोपाची वाट बघत. म्हणून विचारतो. आणि तुम्ही म्हणता तसं, जेवायला काय, कोणीही चालतं." ती थांबली. मागून मला तिचे कान दिसत होते, ते लालबुंद झाले होते. "पण मला ते आवडतात. फार आवडतात. हे मी अजून त्यांनाही सांगितलेलं नाही. तेवढं तुम्ही आधी सांगू नका त्यांना."

दुभाष्यानं हे सांगितलं तेव्हा ती अधिकारी बाई आधी शिंकली आणि मग हसली. गठ्ठा तिनं नीट करून ठेवला, म्हणाली, "कळवू." मी मागे बसून ढसाढसा रडत होते. रडायला मनाई आहे असं रखवालदारानं सांगितलं नव्हतं. आई एकटी जेवते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिला त्याचं काही वाटतं, हे मला त्या काचेच्या खिडकीपाशी कळलं.

मग वाट पाहणं. आईनं कोट कपाटात टांगला आणि त्याचं नावही काढलं नाही. मी मात्र कामावर दर थोड्या वेळानं फोन बघायचे.

आणि ऐन गर्दीच्या वेळेला, माझ्यासमोर दोन गाड्या बंद पडलेल्या असताना, व्हिसाचा निरोप आला. मंजूर. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, आणि माझ्या तोंडापुढचा माइक चालूच होता. रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी माझी किंकाळी ऐकली. "कंट्रोल, काय झालं? अपघात?"

"आईचा व्हिसा आला!"

एकेका गाडीतून आवाज यायला लागले. कुणी अभिनंदन म्हणालं, कुणी नुसताच हॉर्न वाजवला, आणि आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हरदादा म्हणाले, "आईंना आमचा नमस्कार सांगा. आणि मला हलायला सांगताय का? मागे रांग लागलीय."

साहेबांनी मला लवकर सोडलं. मी जिना धावतच चढले. आई नुकतीच कामावरून आली होती. मी फोन तिच्या नाकासमोर धरला. तिनं वाचलं आणि ती मटकन त्या नव्या बॅगेवर बसली.

"खरंच गं?"

"खरंच!"

मी तिला मिठी मारली, उठवलं, गरागरा फिरवलं. आई ओरडत होती, "अगं पडेन मी, हाड मोडलं तर तिकडे घेणार नाहीत!" मग ती सुटली, तिनं तोंड धुतलं, केस विंचरले, विंचरलेले पुन्हा विंचरले. आणि मास्तरांना फोन लावला. मी तिच्या खांद्यावरून वाकून उभी राहिले. अर्ज माझा, फोटो माझे, धावपळ माझी. मास्तरांचा चेहरा कसा होतो ते बघायचा पहिला मान माझाच होता.

रिंग वाजत होती. आई वळली. "तू जरा बाहेर जा."

"मी? अगं, मीच तर सगळं..."

"जा गं. आणि दार ओढून घे."

तिचे कान पुन्हा लाल झाले होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं, चांगलं घट्ट. दाराला कान लावायची फार इच्छा झाली. नाही लावला. आत आई हळू आवाजात काहीतरी बोलली.

इतकी वर्षं आईचं मला माहीत नाही असं काही नव्हतं. आता होतं. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं आणि रडावंसंही. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्या दोघांचं बोलून होईपर्यंत बसून राहिले.