नटराजचा नंबर

शेषगिरीच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर ओव्याचा उपाय नव्हता. त्या दुखण्याचं नाव नटराज. दोघंही तंजावूरच्या एकाच गल्लीतले, मराठी घरांतले, दोघंही लॉरी चालवणारे. पण नटराजला नुकतीच नव्या परदेशी कंपनीची लॉरी मिळाली होती. त्या कंपनीत माल भरायला ताटकळणं हीसुद्धा ड्यूटी धरत, आणि ड्यूटीचे तास भरले की ड्रायव्हरनं लॉरीला हात लावायचा नाही, असा नियम. शेषगिरीचे मालक बाळकृष्णराव म्हणत, "उभ्या लॉरीत बसलास ते विश्रांतीच की रे!" आणि माल भरला की रात्रभर हाकायला लावत.

आज भातगिरणीच्या आवारात दोघांच्या लॉऱ्या शेजारी उभ्या होत्या. नटराजचा नंबर लागतच आलेला, शेषगिरीचा पार शेवटी. आणि नेमकी आजच त्याला घाई. त्याची हरिप्रिया संध्याकाळच्या गाडीनं पापनाशमहून मद्रासला नर्सिंग शिकायला निघायची होती. कुंभकोणमचा माल वेळेत भरला तर स्टेशन वाटेवरच. "मी येतोच," असा शब्द त्यानं लेकीला दिला होता. चहा पिताना नटराजपाशी तो हे बोललाही. नटराज नुसतं "बघू अण्णा" म्हणाला, फाटकावर चक्कर मारून आला आणि केबिनमध्ये पंखा लावून घोरू लागला. तो पंखा पाहून शेषगिरीचा तिळपापड झाला.

फाटकावरून हाक आली, "नटराज!"

आवारातला रिवाज असा, की झोपलेल्याला शेजाऱ्यानं उठवायचं. हाकेला माणूस समोर आला नाही की नंबर बुडाला. शेषगिरीनं मूग गिळले. नटराजचा नंबर बुडाला म्हणून आपल्याला गाडी गाठता येईल असं नाही, हे त्याला कळत होतं. तरी मेल्याला एकदा ताटकळू दे! पुढच्या लॉरीचा पुकारा झाला, तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

नटराज डोळे चोळत उठला. "अण्णा, मला बोलावले काय?"

"केव्हाच. मला वाटलं, तू जागा आहेस."

"अय्यो!" नटराजनं कपाळावर हात मारला. "माझी ड्यूटी सरली, अण्णा. आज मला लॉरी हलवायला होत नाही. माझा नंबर तुम्हाला देतो म्हणून फाटकावर सांगून ठेवलो होतो. हाक आली की मी समोर उभं राहून एकदा म्हणायचं, बस्स. मीच मेला झोपलो. कोप करू नका."

हरिप्रियेची गाडी सुटायच्या वेळेला शेषगिरी त्याच पंख्याखाली बसला होता, आणि नटराज त्याची समजूत काढत होता.