माझ्याकडची दहा मिनिटं

मित्रांनो, संगणकासमोर बसून टेबलाखाली पाय लांब केले की अंगठ्याला एक कोमट डबा लागतो ना? तो मी. जुना यूपीएस. लाईट गेली की संगणक जागच्या जागी मरू नये, एवढ्याचसाठी मी जन्माला आलो. तुम्ही माणसं चेहऱ्यावरून ओळखता, मी पायांवरून ओळखतो. आणि अनुभवाने सांगतो, चेहऱ्यापेक्षा पाय कमी खोटं बोलतात.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पोटात एक बॅटरी बसवली, पाठीला वायरी खोचायला तीन छिद्रं पाडली आणि तोंडात एक बारीक शिट्टी ठेवली. बॅटरीत बळ होतं दहा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांवरच माझी सगळी इज्जत.

यवतमाळहून एसटीने मी कळंबला आलो, तो रुपालीच्या मांडीवर बसून. रुपाली तिशीची. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचं दुकान आहे. तिथे दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, झेरॉक्स सगळं होतं. दुकानाच्या अर्ध्या भागात विमलताई शिलाई मशीन चालवतात. दोघींच्या मध्ये भिंत नाही, एक पडदा आहे, आणि तोही गप्पांसाठी कायम सरकवलेला.

माझे पहिले दिवस कौतुकाचे गेले. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला लाईट गेली, तेव्हा नऊ मिनिटं तग धरून मी प्रेरणा नावाच्या मुलीचा फॉर्म पार केला. ती वाकून माझ्या पाया पडली. आता मला पाय नाहीत, पण भावना पोचली. दसऱ्याला मात्र संगणकाला हार, शिलाई मशीनला हार आणि मी खाली तसाच. फक्त विमलताईंनी वाकून माझ्या डोक्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. "हा बी कमावते ना वं," म्हणाल्या. हे फूल लक्षात ठेवा. पुढे ज्या हातून माझा घात झाला, तो हात हाच.

आता खेळाकडे येतो.

दुपारी बारा ते तीन सरकारी सर्व्हर सुस्तावतो. पडद्यावर एक गोल फिरत राहतो आणि रांगेतली माणसं बाकावर घाम पुसत बसतात. त्या वेळेसाठी रुपालीच्या मावसभावाने, नयनने, नागपूरहून एक खेळ पाठवला. एक मोकळं जग असतं. झाडं तोडा, घर बांधा, शेती करा, कोणी विचारत नाही. मूळ खेळ सोपा. पण कोणा खवट माणसाने त्यावर एक जोड बसवली होती. तिला मॉड म्हणतात. तिच्यात तहान लागे, थंडीने बोटं गळत, धान्याला कीड लागे, आणि जीव एकच. सगळ्यात वाईट नियम असा, की खेळातला माणूस आपल्या खोपटात झोपला तरच त्याचा दिवस जमा होई. उघड्यावर असताना खेळ मध्येच बंद पडला, तर तो मेला असं धरलं जाई.

म्हणजे तो माणूस जगणार की मरणार, हे माझ्या दहा मिनिटांवर होतं. लाईट गेली की रुपाली त्याला धावत खोपटात नेई, झोपवी आणि खेळ मिटवी. दिवसातून दोनदा मी त्याचा जीव वाचवत असे. त्याला पत्ता नव्हता. उपकार करणाऱ्याला एवढी सवय ठेवावी लागते.

हा मॉड खेळणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट होता. चाळीस माणसं, देशभर पांगलेली. रोज आपापला दिवस कळवायचे. दुसरा हिवाळा काढून शंभरावा दिवस अजून कोणीच पाहिला नव्हता. रुपालीने वेगळंच केलं. दुकानाबाहेर झेरॉक्स-लॅमिनेशनचा जो फळा होता, त्याच्या खाली तिने खडूने लिहिलं, 'दिवस ४. लाकडं पुरेशी. जिवंत.' आणि त्याचा फोटो गटात टाकला. गटातल्या निम्म्यांना मराठी येत नव्हतं, पण आकडा कळे. गल्लीतल्यांना मात्र सगळंच कळे. महिन्याभरात रामराम मागे पडला आणि लोक येता-जाता विचारू लागले, "काय मॅडम, जिवंत का?"

सगळ्यात आधी हे विचारणारे पाय होते नानाजींचे. टाचा भेगाळलेल्या, अंगठ्याचं नख जुन्या औताने फोडलेलं. नोव्हेंबरात ते हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. मशीनवर अंगठा ठेवायचा आणि जिवंत असल्याची खात्री पटवायची. पण साठ वर्षं मातीत घासून त्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीनने तीनदा नाही म्हटलं.

"पाह्य बाई," नानाजी म्हणाले, "मी समोर बसून राह्यलो, चहा पिऊन राह्यलो, तरी याले पटत नाही."

चौथ्या खेपेला पटलं. दाखला मिळाला, काम झालं, पण नानाजींचं येणं थांबलं नाही. वावर त्यांनी पोरांच्या हवाली केलं होतं. पोरं चांगली होती, दोन वेळचं ताट वेळेवर देत, फक्त पेरताना विचारत नसत. इथे बाकावर बसलं की रुपाली विचारायची, "नानाजी, आता काय करू?" मला पाय दिसतात म्हणून सांगतो. तो प्रश्न आला की ते दोन पाय बाकाखालून पुढे सरकत.

"कपाशी नाही होय याच्यात?"

"नाही, गहू हाये."

"मंग कायचं गाव हे!" असं म्हणून ते तिला गहू शिकवायला बसत.

धान्याला कीड लागली तेव्हा गटातल्या शहाण्यांनी हात टेकले होते. नानाजी म्हणाले, "राख मिसय." रुपालीने खेळातल्या चुलीतली राख धान्याच्या पेटीत टाकली आणि कीड थांबली! मॉड लिहिणाऱ्या त्या खवट माणसालाही कुठेतरी एखादा नानाजी भेटला असणार. रुपालीने हे गटात कळवलं, आणि त्या दिवशी चाळीस अनोळखी माणसांनी राख मिसळली.

सत्तराव्या दिवशी तर खरी परीक्षा झाली. दुसरा हिवाळा ऐन भरात, खाणं संपलेलं, पेटीत फक्त बियाणं. रुपालीचा हात माउसवर, तिच्या मते दोन मूठ खाल्लं तर चालेल.

"हात काढ," नानाजी म्हणाले. "माणूस उपाशी झोपते, बियाणं नाही खात."

"अन् मेला तं?"

"मरत नाही. म्या काढले असे दिवस."

विमलताईंनी मशीन थांबवली. माणूस उपाशी झोपला, उठला आणि कंद उकरून तगला. बाहेर फळ्यावर लागलं, 'दिवस ७१. बियाणं शाबूत. जिवंत.' नानाजी त्या दिवशी घरी जाताना दोनदा मागे वळून फळा वाचत होते, असं विमलताई नंतर सांगत होत्या.

आता माझी तक्रार. लाईट गेली की मी शिट्टी वाजवतो. टुं... टुं... सावकाश. नानाजी दचकत, गिऱ्हाईक घाबरे, आणि लांडग्यांपासून लपलेल्या रुपालीचा हात हले. एक दिवस तिने सुनीलला बोलावलं. सुनील म्हणजे कोपऱ्यावर कुलर आणि मोटारी दुरुस्त करणारा, हातात पक्कड असली की त्याला सगळं जग बिघडलेलं दिसतं.

"सुनीलभाऊ, याचं तोंड बंद करा. लाईट गेली की पंखा थांबते, मले तसंच समजते. हा कायले वरडते?"

"ताई, एका मिनिटाचं काम," म्हणत त्याने माझी शिट्टीची वायर कापली.

खरं म्हणाल तर बोलणं तिचं बरोबर होतं, पण अर्धं. मित्रांनो, माझी शिट्टी दोन तऱ्हेची असते. सावकाश वाजली तर अर्थ असा, की लाईट गेली, मी आहे. एकसारखी, श्वास न घेता वाजली, तर अर्थ असा, की मी चाललो. पहिली सगळ्यांना पाठ होती. दुसरी ऐकायची वेळ कधी आलीच नव्हती, कारण मी चांगलं काम करत होतो. चांगलं काम करणाऱ्याचं हेच होतं बघा. त्याच्या हाका कोणी शिकून घेत नाही.

एप्रिलचा शेवट. पारा चव्वेचाळीसवर. खेळात सत्त्याण्णवावा दिवस, बर्फ वितळायला लागलेलं. तीन दिवसांनी पेरणी. नानाजी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून आले होते. खेळातल्या पेरणीला धोतर लागत नाही, हे त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

रुपाली शिक्के आणायला बाहेर गेली होती. विमलताईंनी पाहिलं, म्हातारा घामाने निथळतोय. त्यांनी आपला कुलर ढकलत बाकाजवळ आणला. पण तिथून वायर भिंतीपर्यंत पुरेना. त्या वाकल्या. माझ्या पाठीचं तिसरं छिद्र रिकामं.

"हे पाह्य नानाजी, रिकामंच हाये. इथं लावतो. लाईट गेली तरी हवा लागन तुमाले!"

मी काय बोलणार? जीभ आधीच गेलेली.

रुपाली आली, खेळायला बसली. खेळातला माणूस पेटीतलं बियाणं खांद्यावर घेऊन दूरच्या वावरात ओल बघायला निघाला. आणि लाईट गेली.

पंखा थांबला. कुलर मात्र चालूच. बाकावरची माणसं खूश. "वा विमलताई, डोकं चालवलं!" रुपाली हसली. हातात दहा मिनिटं आहेत, या हिशेबाने तिने माणसाला निवांत मागे वळवलं. तिची चूक नाही. दहा मिनिटं मी रोज देत आलो होतो. पण कुलरची मोटार माझं पोट घटाघटा पीत होती. मी एकसारखं ओरडत होतो, श्वास न घेता, आणि आवाज माझ्या मलाच ऐकू येत नव्हता. लाल दिवा पेटवला, तर त्यावर कुलरची सावली.

खोपट दिसू लागलं होतं. वीस पावलं असतील. मी संपलो.

तासाने लाईट आली. रुपालीने खेळ उघडला, पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. ती तिने दोनदा वाचली.

"काय म्हणते?" नानाजींनी विचारलं.

"मेला म्हणते."

"अन् बियाणं?"

"त्याच्याच खांद्यावर होतं, नानाजी."

बाकाखालचे पाय मागे सरकले.

विमलताई पडदा धरून उभ्या. "माह्या कुलरनं झालं काय वं हे?"

रुपाली माझ्याकडे पाहत होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा टेबलाखाली वाकली होती. "नाही ताई," ती म्हणाली. "तुमी हवा देल्ली. तोंड तं याचं मीच बंद केलतं."

सुनीलला बोलावणं गेलं. तो आला, सगळं ऐकून ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस करतो तेच त्याने केलं. पळवाट शोधली. "ताई, नयनभाऊजवळ नव्वद दिवसाची कॉपी असन ना? तीच टाका. फळ्यावर लिहा जिवंत. दहा दिवसांत शंभर. गटात कोणाले समजते?"

रुपाली खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. कॉपी होती, नयनने नव्वदाव्या दिवशी खेळ उतरवून घेतला होता. सात दिवस मागे जायचं, बियाणं परत, पेरणी परत, शंभरावा दिवस पहिल्यांदा पाहिल्याचा मान कळंबला. खडू फळ्याला टेकला आणि तिथेच थांबला.

"रुपाली," बाकावरून आवाज आला. "त्या मशीननं मले तीनदा मेला ठरवलं. मी जिता होतो, तरी. कसं वाटते ते मले माहीत हाये. आता हा मेला अन् तू याले जिता लिहिशीन?"

खडू चालला. 'दिवस ९७. मेला. बियाणं गेलं. चूक माझी, यूपीएसचं ऐकलं नाही.' फोटो काढला, गटात टाकला. या खेपेला खाली भाषांतरही दिलं.

दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस जणांचं उत्तर आलं होतं. कोणी हसलं नव्हतं. प्रत्येकाने आपापला माणूस कसा मेला ते लिहिलं होतं. एकाच्या मांजराने वायर ओढली, एकीच्या आईने झाडताना बटण बंद केलं. आजवर सगळे फक्त 'जिवंत' तेवढं कळवत होते. मेलेल्यांचा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा उघडला.

सुनीलने माझ्या पोटात नवी बॅटरी बसवली, कापलेली वायर जोडली आणि कुलरला भिंतीपर्यंत पुरेल अशी लांब वायर दिली. तपासायला म्हणून त्याने मेन बंद केला. टुं... टुं... माझाच आवाज मला परका वाटला. नानाजी दचकले आणि मग हसले. "बोलला बावा!"

"आता काय करू, नानाजी?" रुपालीने विचारलं. समोर नवं कोरं जग उघडलं होतं. रिकामं रान, हातात काही नाही.

"पयली पेरणी मोडली तं काय करते माणूस? दुबार पेरते." दोन पाय बाकाखालून पुढे सरकले. "पयले पाणी पाह्य कुठं हाये. अन् याले इचारून घे, दम हाये का म्हणा."

तर मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. दसऱ्याला फूल नाही ठेवलं तरी चालेल. पण घरात, दुकानात, टेबलाखाली जो कोणी निमूट राबतो, त्याचं ओरडणं नकोसं झालं तर त्याची वायर कापण्याआधी एकदा वाका आणि तो काय म्हणतो ते नीट ऐकून घ्या. सावकाश ओरडत असेल तर बेलाशक खेळा. एकसारखं ओरडत असेल तर माणसाला आधी खोपटात आणा.

बाहेर फळ्यावर आज लिहिलंय, 'दिवस १. दुबार पेरणी. जिवंत.' आणि त्याखाली, खडूच्या बारीक अक्षरात, 'यूपीएस: दहा मिनिटं.'