चूक आत्याची

आत्याची नजर वर्षभर हळूहळू जात होती. ती पुरती गेली त्या दिवशी डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना धीर द्या." आत्या दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिला ऐकू उत्तम येत होतं, पण ते कुणी विचारात घेतलं नाही.

तेव्हापासून घरात धीराला तोटा नव्हता. भाचा ऑफिसला जाण्यापूर्वी देई, भाचेसून दुपारी देई, उरलेल्या वेळात शेजारी देत. सगळे तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलत. पाहुणे भाचेसुनेला विचारत, "यांना चहात साखर चालते का?"

"यांना चालते," आत्या म्हणे. "दोन चमचे."

भेट म्हणून चार बोलकी घड्याळं जमली होती. त्यांचं आपसांत पटत नव्हतं, त्यामुळे दर तासाला घरात वेळेवरून वाद होई.

आत्याला हवं होतं फक्त तिचं दुकान. घराखालच्या त्या खोलीत तिने तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली होती. भाच्याने ती खोली एका झेरॉक्सवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. सोमवारी तो किल्ली घ्यायला येणार होता. खोली आत्याच्याच नावावर होती. तेवढं तिला विचारायचं राहून गेलं होतं.

"आता तू आराम कर, आत्या."

"दमलेय कुठे मी?"

"आणि सुई बोटात गेली म्हणजे?"

"तेव्हा बघू. म्हणजे तू बघ."

भाचेसून मनाने चांगली होती. आत्याला सोपं जावं म्हणून तिने दुकानातलं कामाचं बाक आवरून ठेवलं: पेचकस उंचीप्रमाणे, स्क्रू रंगाप्रमाणे. "किती छान दिसतंय," ती म्हणाली आणि जीभ चावली. आत्याने बाकावरून हात फिरवला. तीस वर्षं डावीकडे असलेली तेलाची कुपी कुठेच नव्हती.

"डोळे जायला वर्ष लागलं होतं मला," आत्या म्हणाली. "हे तू एका दुपारी केलंस."

मग तिने सगळे डबे उपडे केले आणि दोन दिवस खपून वस्तू न् वस्तू आपल्या जागी नेली. शनिवारी पहिलं काम घेतलं. टाचणीबाईंचं मशीन. ते संध्याकाळी परतही दिलं. शर्ट शिवणाऱ्या या बाईंना हे नाव अंगकाठीवरून मिळालं होतं, आणि बोलण्याने ते पक्कं केलं होतं.

सोमवारी झेरॉक्सवाला दुकानात आला. भाच्याने किल्लीसाठी आत्यापुढे हात केला, आणि तेवढ्यात टाचणीबाई मशीन काखोटीला मारून आत शिरल्या.

"आत्या, टाके सुटतायत. सुई उलटी बसवलीत तुम्ही. वीस शर्ट अडलेत माझे."

भाचा हळूच म्हणाला, "बाई, समजून घ्या. त्यांना दिसत नाही."

"ठाऊक आहे मला. दिसत नाही म्हणून उलटी सुई चालवून घेऊ?"

आत्याने सुई चाचपली. सुईला एक बाजू चपटी असते. या जातीच्या मशीनला ती डावीकडे लागते. तिने उजवीकडे बसवली होती.

"उलटी आहे खरी," ती म्हणाली.

"आत्या, मी बाक आवरलं म्हणून गोंधळ—" भाचेसून म्हणाली.

"तू यात पडू नकोस. चूक माझी आहे, मला वाटेकरी नको." ती भाच्याकडे वळली. "चांगले डोळे होते तेव्हा मी यांच्याच मशीनचा पट्टा बसवायला विसरून मशीन परत दिलं होतं. तेव्हा तू दुकान बंद करायला निघाला नव्हतास."

"विसरले नाही मी ते," टाचणीबाई म्हणाल्या. "आठवडाभर बोलत नव्हते तुमच्याशी."

"दहा दिवस."

कित्येक महिन्यांत आत्याशी कुणी भांडलं नव्हतं. तिला एकदम तरतरी आली.

"अर्ध्या तासात द्या," टाचणीबाई स्टूल ओढत म्हणाल्या. "पुन्हा चुकलात तर पलीकडच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेईन."

"न्या. त्याला दिसतं, पण कळत नाही."

भाच्याचा हात अजून पुढेच होता. आत्याने किल्ली कमरेला खोचली, दिवा लावायला सांगितला, आपल्यासाठी नव्हे, बघणाऱ्यांसाठी, आणि झेरॉक्सवाल्याच्या दिशेने तोंड केलं.

"तुम्ही रिकामेच आहात ना? हे मशीन जरा आडवं धरा. घट्ट. मला खालून तेल घालायचंय."