उत्तरेश्वररावांचा पॉइंट

थंड हवेच्या ठिकाणाला पॉइंट लागतात, हे गावाला रामप्रसादनं सांगितलं. तो ऊसतोडीला साताऱ्याकडं गेला होता, तिथून महाबळेश्वर बघून आला होता. म्हणजे त्या विषयातला गावातला एकमेव जाणकार. वडवणीमागच्या डोंगरातला आपला ओढा फोनवर बघून बीडची पोरं यायला लागलीच होती. मग काय, हौसेला मोल नाही. ग्रामसभेत ठरलं, जो पाटी करून आणील त्यानं आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव पॉइंटला द्यावं.

सुंदररावांना धबधबा पाहिजे होता. वडिलांचं, उत्तरेश्वररावांचं, वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं, आणि गावात बापाचं नावसुद्धा कुणी काढत नाही याची बोच त्यांना जेवू देत नव्हती. पण ते तेलगावला कापूस घालायला गेले आणि यायला उशीर झाला. तोवर चुलतभाऊ बंकटनं धबधबा आपल्या बापाला देऊन टाकला होता. सूर्यास्त पॉइंटही गेला होता. उरला होता माकड पॉइंट.

"माज्या बापाला माकडं?" सुंदरराव म्हणाले.

"उशिरा यायचं आन् वर तोरा," बंकट म्हणाला. "घ्यायचं तर घे."

नाही मामापेक्षा काणा मामा बरा, म्हणून त्यांनी घेतला. पाटी ठोकताना एका वानरानं त्यांची टोपी पळवली आणि झाडावर बसून स्वतः घातली. ती त्याला शोभतही होती, पण हे सुंदररावांना कोण सांगणार? लाजेनं ते कितीतरी दिवस पारावर फिरकले नाहीत.

होळीच्या आत ओढा आटला. बंकटच्या बापाच्या पाटीमागं नुसता कोरडा खडक राहिला. माकडं मात्र कुठं जातात? लोक शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन, "उत्तरेश्वररावांकडं कसं जायचं?" असं विचारत वर चढायला लागले.

मग एक दिवस बंकट सुंदररावांकडं चहाला आला. आवाजात नुसती साखर.

"दादा, भावाभावात काय एवढं. पॉइंट बदलून घिऊ. तुमाला धबधबाच पायजे हुता की."

सुंदरराव पाघळले. शेवटी धबधबा तो धबधबा. ते हो म्हणणार, तेवढ्यात त्यांची आई चंद्रभागाबाई आतून बाहेर आल्या.

"न्हाई म्हण त्याला. तुझा बाप लई तिरसट. जित्तेपणी दारात कुत्रं फिरकत न्हवतं. आता कुठं त्याच्याकडं माणसं हसत यायलीत. ऱ्हाऊ दे त्याला तितं."

सुंदररावांचे डोळे भरून आले. त्यांनी बंकटच्या कपात आणखी चहा ओतला आणि नाही म्हणाले.