परसों

आमच्या हैदराबादेत कालच्या मागचं सगळं 'परसों'. आठवड्यापूर्वी नळ गेला तो परसों, मजीदचाचांचं लग्न झालं तेही परसों, आणि आता त्यांना नातवंडं आहेत. माझा भाऊ मुबश्शिर शिकागोहून शेवटचा आला तो अब्बा गेल्यावर त्यांच्या चाळिसाव्याला. त्यालाही आठ-नऊ वर्षं झाली. पण जिन्यात शेजारच्या रफियाखालांनी विचारलं, "काय हो, लेक कधी येऊन गेला?" की अम्मी मान ताठ करून सांगायच्या, "परसों तर आला होता की!"

मग तिकडे त्यानं एक सिनेमा पाहिला. जुन्या हैदराबादचा. त्यात म्हणे परदेशातून आलेला एक मुलगा इराणी हॉटेलात चहात बिस्कीट बुडवत बसतो आणि घरी गेला की त्याची आई जिन्यावरून ओरडते, "दाळ थंड होतेय, वर येतोस की मी खाली येऊ?" बस, एवढ्यावर आमचे साहेब ढसाढसा रडले. थिएटरातून बाहेर पडल्या पडल्या फोन. मी अंबाडी निवडत होते.

"आपा, मला घरी यायचंय. नक्को ही नोकरी. ह्या खेपेला मी परत जाणार नाही."

इतकी वर्षं फोनवर 'नो, नो' करणारा माणूस एका सिनेमात 'नक्को'वर आला, म्हणजे सिनेमा चांगलाच असणार.

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे 'परत जाणार नाही' हे अम्मींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. दुसऱ्याच दिवशी माडीवरच्या खोलीला चुना लागला, खाटेची नवार बदलली.

"अम्मी, अमेरिकेतली नोकरी अशी सोडतं का कुणी?" मी म्हटलं.

"तू गप. भाऊ घरी राहतोय तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

दुखत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तो हवाच होता. आम्हां दोघींच्या घरात दाळीच्या बघाराचा तेवढा चर्र आवाज उरला होता.

तर मुबश्शिर आला. अम्मींच्या गळ्यात पडला, रडला, आणि चहाचा कप ठेवून म्हणाला, "जरा शहर बघून येतो." अम्मींनी खट्टी दाळ चढवली. तो सिनेमातलं हॉटेल शोधत संध्याकाळपर्यंत फिरला आणि तोंड पाडून परत आला. कोपऱ्यावरच्या आमच्या इराण्यानं संगमरवरी टेबलं केव्हाच विकलीत, आता प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. वर तो ह्याला म्हणाला, "मियाँ, ते सिनेमातलं हॉटेल शहराबाहेर स्टुडिओत बांधलंय. इथं मेट्रोचा खांब मध्ये येतो."

दुसऱ्या दिवशी स्वारी स्टुडिओत. दाळ पुन्हा झाकलेली. रात्रीच्या जेवणाला मात्र आला तो नुसता फुलून.

"आपा, काय सांगू! अगदी आपलं हैदराबाद आहे तिथं!"

"हौ? आणि हे कुठलं आहे?"

"इथं गर्दी फार झालीय हो."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेर पडायला लागला तेव्हा अम्मींचा धीर सुटला. गुडघे धरत त्या जिन्यावर आल्या आणि ओरडल्या, "अरे मुब्बू, तीन दिवस झाले तुझी वाट बघून! आजही दाळ थंड होतेय! कुणासाठी शिजवते मी?"

तो खालच्या पायरीवर थबकला. डोळे भरून आले त्याचे. मला वाटलं, चला, आता आला हा घरी.

त्यानं खिशातून फोन काढला.

"अम्मी, पुन्हा एकदा म्हणा ना! आणि तो जुना हिरवा दुपट्टा घ्या."

अम्मींनी निमूट दुपट्टा बदलला. पहिल्यांदा आवाज बसला. दुसऱ्यांदा त्याच्याकडे बघून हसूच आलं त्यांना, कारण मुलगा इतक्या वेळानं आपल्याकडेच बघत होता. "जरा रागानं, अम्मी," तो म्हणाला. मग त्या रागानं म्हणाल्या. तो व्हिडिओ टाकायला तिथंच पायरीवर बसला. दाळ मी पुन्हा गरम केली, ती आम्ही दोघींनी खाल्ली.

तिकडे शिकागोत लोक तो व्हिडिओ बघून रडले म्हणे. चार दिवसांनी ऑफिसचा फोन आला आणि मुबश्शिर बॅग भरायला लागला.

"तू तर नोकरी सोडणार होतास," मी म्हटलं.

"आपा, तेव्हा मी नुकताच सिनेमा बघून आलो होतो."

मला इतका राग आला की लोणच्याची बरणी मी त्याच्या बॅगेत दाणकन ठेवली. दारात त्यानं "लवकर येतो" म्हटलं, तर अम्मी "हौ" म्हणाल्या. तो गेला शुक्रवारी.

रविवारी सकाळी रफियाखाला अम्मींना जिन्यातच भेटल्या. त्यांनीही व्हिडिओ पाहिला होता. "काय नशीब काढलंत, बाई! लेक कधी गेला?"

मी आतून उत्तर देणारच होते. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात ते परसों खरंखुरं परसों होतं.

अम्मींनी हिरव्या दुपट्ट्याला हात पुसले.

"फार वर्षं झाली, रफिया," त्या म्हणाल्या आणि दाळ बघायला आत आल्या.