इंजिनाला गोडं पाणी

वैशाखअखेरीचं ऊन, तांबूस, थकलेलं, समुद्रावर आडवं पडलं होतं. क्षितिजाशी मेघांची काजळरेषा उमटली होती. लाटांची निळाई मळून शिसवी झाली होती. माडांच्या सावल्या वाळूवर लांबत होत्या, लांबत होत्या, आणि त्या सावल्यांतून एकेक होडी माणसांच्या खांद्यांवरून किनारा चढत होती. आगोट, पावसाच्या तोंडाची वेळ, आली होती. आता पावसाळाभर समुद्र कुणाचाच नव्हता.

विश्राम तांडेलाची होडीही शेजाऱ्यांनी ओढून आणली, घरापुढच्या खळ्याच्या कडेला, झावळ्यांच्या माटवाखाली.

खळ्यात, घराच्या भिंतीलगत, खाटेवर विश्राम पडला होता. शिमग्याच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचा गेली. ज्या कंठातली हाक वाऱ्याला चिरून पलीकडच्या होडीपर्यंत पोचायची, त्या कंठात आता नुसता श्वास. डोळे तेवढे जागे. ते माडांकडे पाहत, आभाळाकडे पाहत, आणि बायकोकडे, शेवंतीकडे पाहायचं टाळत.

शेवंतीने लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला. दरसाल हे काम त्याचं होतं: गोड्या पाण्यावर इंजिन चालवून पोटातलं मीठ धुवायचं, काळं तेल काढून नवं भरायचं, सांध्यासांध्यांत ग्रीस माखायचं, धुराचं तोंड बंद करून लोखंडाला झोपवायचं. दरसाल ती नुसती पाहत आली होती. यंदा हात तिचे होते.

तिचा दीर बाबलो हँडल घेऊन आला. पण हात त्याचा उचलेना.

"वयनी, कित्याक ह्यां? होडयेत आता कोण जातलो?"

"मीठ खातलां इंजिनाक," ती खाटेकडे पाहत म्हणाली. "आणि तेंका सगळां कळता."

विहिरीच्या तळातलं गढूळलेलं, अनमोल पाणी तिने घागरीघागरीने पिंपात ओतलं, इंजिनाची नळी त्यात सोडली. बाबलोने हँडल फिरवलं, एकदा, दोनदा. आणि लोखंडाच्या छातीत नाद उठला. धडधड, धडधड. जुना, ओळखीचा, पहाटेपहाटेचा नाद. माटवाच्या झावळ्या थरथरल्या, खळ्यातली माती थरथरली, खाटेचे खूर थरथरले.

"चल."

शेवंती वळली. विश्रामची मान उचललेली होती. डावा हात हवेत होता, सुकाणू धरल्यासारखा. वाकड्या ओठांतून, लाळेतून, काळोखातून शब्द वर आला होता.

"चल... चल."

ती धावली. त्याचा चेहरा तिने ओंजळीत धरला. "बोला! आजून बोला!" त्या ओल्या डोळ्यांत समुद्र उजळला होता, ती त्यांत कुठेच नव्हती, पण ते चालणार होतं, काहीही चालणार होतं. नाद होता तोवर शब्द होता. शब्द होता तोवर तो होता.

पिंपाचा तळ दिसू लागला. ती विहिरीवर गेली; घागर खडकावर आपटून रिकामी वर आली.

"पाणी सपलां, वयनी. बंद कर, नायतर इंजिन जळतलां!"

शेवंती थांबली नाही. घागर कमरेला मारून ती उतारावरून समुद्राकडे पळाली. भरली, आणली, ओतली. पुन्हा पळाली. फेसाळलेलं, वाळूमिश्रित, खारं पाणी.

"वयनी! खारां पाणी घालतंस?"

तिने ऐकलं नाही. पायांत शिंपले रुतत होते, लुगडं भिजून जड झालं होतं, आणि तरी मागून तो शब्द येत होता, क्षीण, अखंड, बाळाच्या जावळासारखा कोवळा. चल. चल. आणि ती चालत होती, समुद्र कडेवर घेऊन घराकडे, रिकामी घागर घेऊन समुद्राकडे.

मग डिझेल सरलं. इंजिन खोकलं, अडखळलं, एक दीर्घ उसासा टाकून थांबलं.

केवढी शांतता ती! लाटासुद्धा दूर गेल्यासारख्या वाटल्या.

विश्रामचा हात खाली आला. ओठ हलले, श्वास आला. पुन्हा हलले, पुन्हा नुसता श्वास. शेवंती त्याच्या तोंडाशी कान लावून बसली, कितीतरी वेळ बसली. "चल म्हणा," ती पुटपुटली, "एकदाच म्हणा." त्याने डोळे मिटून घेतले आणि मान भिंतीकडे वळवली.

बाबलो हँडल भिंतीला टेकवून, मान खाली घालून निघून गेला. तेलाचा डबा उघडायचा राहिला. ग्रीस राहिलं, सारं राहिलं.

ऊन मावळलं. मेघांची काजळी माडांच्या शेंड्यांवर उतरली. शेवंती होडीत चढली, इंजिनाशेजारी बसली आणि त्याच्या पाठीवर तिने तळवा टेकला. लोखंड अजून उबदार होतं, नुकत्याच गेलेल्या जनावरासारखं. तळव्याखाली ती ऊब उतरत होती, हळूहळू, कणाकणाने. आणि ती हात हलवत नव्हती. आणि ऊब उतरत होती, उतरत होती, उतरत होती.